चौदा किलो जास्त

देवाने माणसाला दोन हात दिले ते एका हातात वस्तू आणि दुसऱ्या हातात माप धरण्यासाठी, असा आमच्या भाऊजींचा समज आहे, आणि तो समज काढून टाकणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत ते एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. येणारा प्रत्येक ट्रक आधी काट्यावर, मग आत. जाताना पुन्हा काट्यावर, मग बाहेर. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, उरेल तो माल, एवढं एकच गणित ते जन्मभर करत आले आणि शेवटी त्या गणिताने त्यांचा ताबा घेतला. मीही पोस्टात नोकरी केलेली बाई आहे. माझ्याही टेबलावर काटा होता. पण निवृत्त झाले तेव्हा मी तो टेबलावरच ठेवून घरी आले. भाऊजी त्यांचा काटा डोक्यात घालून घेऊन आले.

त्यांच्या लेखी जगात जड किंवा हलकं असं काही नसतंच. असतात ते फक्त किलो. मिरकरवाड्याला सुरमई घ्यायला गेले की शेपटीला धरून ती उचलतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "सव्वादोन. त्यातला पाव किलो बर्फ." पूर्वी मासेवाल्या बायका त्यांच्याशी भांडायच्या. आता नुसतं म्हणतात, "काका, डोळे उघडा नि फुडं चला." माझ्या मुलीला मुलगी झाली तेव्हा आम्ही सगळे बाळाचं नाक कोणावर गेलं यावर वाद घालत होतो. भाऊजींनी बाळ दोन्ही हातांवर घेतलं, जरासं खालीवर केलं आणि म्हणाले, "तीन किलो शंभर. बारदानासकट." बारदान म्हणजे दुपटं. नर्सने कागद आणला त्यावर तीन किलो लिहिलेलं होतं, आणि नंतर त्यांनी दुपटंही तोलून पाहिलं. माझी मुलगी त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही. ताईच्या हातची आंबापोळी हा त्यांचा जीव की प्राण. पण तीसुद्धा ते आधी तळहातावर धरतात, मग तोंडात टाकतात. मी एकदा विचारलं, "भाऊजी, लग्नात ताईला हार घातलात तेव्हा तो तोलून बघितला होतात का?" जराही न लाजता म्हणाले, "तिचा माझ्यापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त होता. तुमच्या वडिलांनी पक्षपात केला."

त्यांची आणखी एक सवय सांगते, ती जरा लक्षात असू द्या. कंपनीच्या काट्यावर गाडी चढली की ते खिडकीतून ओरडायचे, "माणसं खाली." ड्रायव्हर उतरला, क्लीनर उतरला, की मगच वजन. कारण हिशोब गाडीचा आणि मालाचा. माणूस त्यात येत नाही. हे वाक्य त्यांच्या जिभेला असं चिकटलं, की घरचा झोपाळा पुसायचा असला तरी ते "माणसं खाली" म्हणूनच फडकं हातात घेतात. एकदा नातीला आणि मला पत्र्याच्या पेटीवर बसलेलं पाहूनही तेच म्हणाले, आणि आम्ही दोघीही निमूट उतरलो. पेटीत काय होतं ते त्यांना बघायचंही नव्हतं.

आता ताई. ताई स्वभावाने गरीब, पण तिला परक्या उशीवर झोप येत नाही. म्हणजे अजिबात येत नाही. माझ्या लग्नाला आली तीच मुळी स्वतःची उशी काखोटीला मारून, आणि कार्यालयातली गादी बघितल्यावर ती उशी मांडीवर घेऊन बसून राहिली. चहा स्वतःच्या पातेल्यातला, गाळणं स्वतःचं, न्हाणीघर स्वतःचं. आणि अशा बाईला जन्मात हौस किती, तर एकच. वेळणेश्वरचा पहाटेचा समुद्र बघायचा. वेळणेश्वर हे भाऊजींचं कुलदैवत. लग्नानंतर दोघं दर्शनाला गेली ती भर दुपारी, लोट्याहून एसटीने, आणि भाऊजींची संध्याकाळची पाळी होती. दर्शन झालं, ताई माडांच्या मधून किनाऱ्यावर गेली, पाण्यात एक पाय घातला, आणि तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न मारला. ताई सांगते, "माझा उजवा पाय भिजला. डावा कोरडाच राहिला बघ." भाऊजींनी त्या वेळी एसटीतच तिला सांगितलं होतं, "एक पूर्ण पहाट दाखवीन तुला इथली. दोन्ही पाय भिजव." मग एकतीस वर्षं पाळ्या आल्या, पोरं आली, त्यांची शिक्षणं आली. निवृत्तीनंतर भाऊजी म्हणाले, चल, तिथे चांगल्या खोल्या मिळतात. ताई म्हणाली, "आणि उशी?"

दुसरा कोणी असता तर उशी बरोबर घेऊन गेला असता. भाऊजींनी तीन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की घरच बरोबर न्यायचं. कुठल्याशा चित्रफितीत त्यांनी गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर बघितला होता, आत बिछाना, मागे झाकण उघडलं की ओटा. शेजारचे कासमभाई आखातात वीस वर्षं वेल्डिंग करून परत आलेले. तिथल्या कामगारांच्या लोखंडी केबिनी त्यांनीच जोडल्या होत्या. दोघांनी अंगणात पाच महिने ठोकाठोक केली. रीतसर कागदपत्रं झाली, नंबर मिळाला. तयार झालेल्या वस्तूला भाऊजी गंभीरपणे "ट्रेलर" म्हणायचे. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि खुराडं म्हटलं, आणि मग सगळी गल्ली खुराडंच म्हणायला लागली. पण आत डोकावले तेव्हा गप्प झाले, खोटं कशाला बोलू. ताईची गादी, ताईच्या दोन उश्या, ताईचं पातेलं, खिळ्याला लावलेलं गाळणं. तिच्या खोलीचा एक तुकडा कापून चाकांवर ठेवल्यासारखं वाटत होतं.

पण ठोकाठोकीपेक्षा मोठं काम होतं ते गाडीशी त्याचं लग्न लावण्याचं. भाऊजींची गाडी म्हणजे आठ वर्षांची पांढरी डिझेल. गाडीबरोबर जे पुस्तक येतं ते जगात कोणी उघडत नाही. भाऊजींनी त्याचं पारायण केलं आणि त्यातला एक आकडा लाल पेन्सिलीने अधोरेखित केला. गाडी, तिला मागे जोडलेलं जे असेल ते आणि दोन्हींतलं सगळं मिळून सतराशे किलो. "याच्या वर गाडी ओढेल," ते मला म्हणाले, "पण उतारावर थांबणार नाही. ओढणं कोणालाही जमतं, मेव्हणीबाई. थांबता आलं पाहिजे." मग हुकावर ट्रेलरचं नाक किती टेकतं ते बघण्यासाठी त्यांनी घरातला वजनाचा काटा नाकाखाली लावला. नाक हलकं झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवतो, जड झालं तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं उचलायला बघतात. दोन दुपारी दोन फणस या खुराड्याच्या पुढून मागे आणि मागून पुढे फिरत होते. कासमभाई शेवटी कंटाळून म्हणाले, "काटेसाहेब, आमचे वाडवडील मचव्यात माल भरायचे ते नुसत्या नजरेनं." भाऊजी म्हणाले, "म्हणून त्यातले काही मचवे समुद्राच्या तळाशी आहेत." कासमभाई हसले आणि तिसरा फणस उचलला.

मग अंतिम वजन. शहराबाहेर चिऱ्याच्या ट्रकांसाठी एक काटा आहे तिथे आम्ही वाजतगाजत गेलो. भाऊजी चालवायला, ताई शेजारी, मी मागे. गाडी आणि खुराडं दोन्ही एकदम काट्यावर चढली. तिथल्या माणसाने खिडकीतून डोकं काढायच्या आत भाऊजींनीच आवाज दिला, "माणसं खाली." आम्ही दोघी पदर सावरत उतरलो, भाऊजी स्वतः उतरले, तिघं बाजूला उभे राहिलो. आकडा आला सोळाशे नव्वद. मी भाऊजींना असं खुललेलं त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "दहा किलो शिल्लक," असं ते घरी येईपर्यंत सात वेळा म्हणाले. त्या काट्याशेजारी आम्ही तीन शहाणी माणसं उभी होतो आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

शिमगा होऊन वीसएक दिवस झाले असतील, तेव्हा निघायचं ठरलं. आता आपल्याकडे माणूस बाहेरगावी निघाला की रिकाम्या हाताने सोडत नाहीत. सकाळपासून वानवळा यायला लागला. कोणाच्या गुहागरच्या मावशीला कोकम, कोणाच्या हेदवीच्या विहिणीला नारळ, कोणाचा फणस. भाऊजी फाटकात काटा मांडून बसले. "दहा किलो आहेत एकूण. नारळ पाच घेतो, सोलून आणा. फणसाचा देठ काढा." समोरच्या काकूंनी फणस उचलला आणि तो घेऊन अशा काही वळल्या की अजून सरळ बोलत नाहीत. दहा वाजता नऊ किलो नऊशे ग्रॅमवर त्यांनी वानवळा बंद केला. ताई गाडीत बसली होती, नवं पातळ नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी आरशात तिचं तोंड पाहिलं. देवीच्या पालखीपुढे उभी राहते तेव्हा दिसते तशी दिसत होती.

जयगडपर्यंत काही झालं नाही. तिथे खाडी, ती फेरीबोटीने ओलांडायची, पलीकडे तवसाळ, आणि तवसाळहून वेळणेश्वर पाऊण तास. बोटीत चढताना उतार होता, गाडी सुरळीत चढली. तवसाळला बोट लागली, फळी पडली, आणि समोर जेट्टीचा चढ. भाऊजींनी पहिला गिअर टाकला. गाडी वीतभर गेली आणि थांबली. पुन्हा गेली, पुन्हा थांबली. मग जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मागे दोन रिक्षा, चार मोटरसायकली, एक कोंबड्यांची गाडी, सगळे भोंगे वाजवतायत. भाऊजी घामाने निथळत म्हणत होते, "शक्य नाही. सोळाशे नव्वद अधिक नऊ किलो नऊशे. शक्य नाही." बोटीवरचा एक दादा खिडकीशी आला, आत वाकून त्याने आम्हा दोघींकडे नीट बघितलं, विशेषतः माझ्याकडे, आणि म्हणाला, "ओ काका, ही अशी नाय चढनार. पयली मानसां उतरवा."

आम्ही उतरलो. भाऊजी एकटेच आत. गाडी भुर्रकन वर गेली.

वर जाऊन त्यांनी हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आम्ही दोघी चढ चढून धापा टाकत पोचलो तोवर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माणसं," ते म्हणाले. "माणसं धरलीच नाहीत." एकतीस वर्षं ज्याने हजारो माणसांना काट्यावरून खाली उतरवलं, त्याने स्वतःच्या बायकोलाही उतरवलं होतं आणि बेरजेत पुन्हा चढवायला विसरला होता. मला खरं सांगायचं तर हसू फुटत होतं. मी म्हटलं, "अहो, चढलीये ना आता वर. पुढे काय ते हळू हळू जाऊ. नाहीतर मी जाते एसटीने." त्यांनी मान हलवली. "तुम्हाला सोडूनही शंभराच्या वर जास्त आहे. पुढे उतार आहेत. आयुष्यात एक जास्तीची गाडी फाटकाबाहेर सोडली नाही मी." आणि पुढल्याच बोटीने आम्ही परत फिरलो. पाऊण तासावर समुद्र टाकून. घरी आल्यावर ताईने खुराड्यातल्या उश्या काढून पलंगावर ठेवल्या आणि म्हणाली, "समुद्र काय, कुठे पळून जातोय?" पण त्या दिवशी तिने चहा केला तो इतका गोड झाला होता की पिववेना, तिचं लक्ष नसलं की असा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी नवी वही घातली. पहिल्या पानावर पहिलं काम मेव्हणीचं नाव कापण्याचं. मी किती किलो ते इथे सांगणार नाही, पण त्यांनी रेघ दोनदा मारली. मग स्वतः चौऱ्याऐंशी, ताई त्रेसष्ट. दोघं मिळून एकशे सत्तेचाळीस. म्हणजे एकशे सदतीस किलो जास्त. मग खुराड्यातून सामान निघायला लागलं. कपाट गेलं, मोठा सिलिंडर जाऊन छोटा आला, पाण्याची टाकी अर्धी झाली, लाकडी दार गेलं, त्या जागी पडदा आला. कासमभाईंनी पाच महिने जोडलेलं लोखंड पाच दिवसांत कापलं आणि "आल्ला" एवढंच म्हणाले. एकशे तेवीस किलो निघालं. उरले चौदा. त्या चौदांपुढे सगळं अडलं, कारण आता आत फक्त गादी, उश्या, शेगडी आणि पातेलं होतं. मी म्हटलं, गादी पातळ घ्या. भाऊजी म्हणाले, "मग घरात काय वाईट आहे?"

महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघांनी काट्यावर उभं राहायचं, अशी पद्धत पडली. पावसाळ्यात ताईचं वजन उतरायला लागलं. त्रेसष्टाची एकसष्ट झाली, मग अठ्ठावन्न. आम्ही खूश. गल्लीतल्या बायका तिला विचारायला लागल्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. मी तर तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "ताई, अशीच राहा. अजून आठनऊ किलो, की निघालात वेळणेश्वरला." ताईही हसली. हे मी बोलले, माझ्याच तोंडाने बोलले, आणि ते आठवलं की अजून मला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. घरात एकच माणूस हसत नव्हता. भाऊजी वही उघडून त्या आकड्यांकडे बघत बसायचे. एका सकाळी मला म्हणाले, "मेव्हणीबाई, माल आपोआप कमी होत नसतो. कुठेतरी गळती आहे." आणि ताई नको नको म्हणत असताना तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

आतड्यात गाठ निघाली. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, म्हणून एवढ्यावर भागलं. अजून औषधं आहेत, तपासण्या आहेत, वर्ष दीड वर्ष बघावं लागेल. ताई घरी आली तेव्हा तिला मी हाताला धरून उतरवलं, आणि हातात नुसत्या बांगड्या धरल्यासारखं वाटलं. पहिल्या तारखेला तिला काट्यावर उभं केलं, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने भाऊजी, दोघांनी हात सोडले. एकोणपन्नास.

मी पोस्टातली बाई आहे, बेरीज मलाही येते. त्रेसष्टातून एकोणपन्नास गेले, राहिले चौदा. सतराशेला सतराशे. बरोबर जुळलं होतं. मी भाऊजींना मागल्या दारी गाठलं आणि सांगितलं, "आता न्या तिला. पुढचं कोणी बघितलंय. तिची एवढी एकच इच्छा आहे, आणि आता तर तुमची बेरीजही बसतेय." मी रडत होते. ते मात्र असे संतापले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "काट्याच्या अलीकडे चौदा किलो माल उतरवायचा, गाडी पास करून घ्यायची, हे धंदे करणारे मी रोज पकडलेत," ते म्हणाले. "या वजनावर मी सही करणार नाही. ती त्रेसष्टाची आहे. त्रेसष्टाचीच जाईल." आणि खुराड्यावर ताडपत्री टाकून दोरी आवळून बांधली. मी पण चिडले. महिनाभर त्यांच्या घरी गेले ती ताईसाठी. त्यांच्याशी बोलले नाही. हट्टी आणि वेडा माणूस, असं मी कासमभाईंना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "वेडे तर हाएतच."

ताई हळूहळू सावरली. पेज, मग मऊ भात, मग कुळथाचं पिठलं, मग एक दिवस स्वतःहून म्हणाली, तळलेला बांगडा द्या गं कोणीतरी. भाऊजी मात्र वाळत चालले. पहिल्यांदा आंबापोळी सुटली. मग दुसऱ्यांदा भात वाढून घेणं सुटलं. रोज सकाळी भगवती मंदिरापर्यंत चालत चढून जायचे. ताई ओरडायची, "अहो, खा ना नीट." ते म्हणायचे, "भूक नाही." मला वाटलं, काळजीने झुरतायत. थोडी दया आली आणि मी पुन्हा बोलायला लागले. सदरे अंगावर लोंबायला लागले. कासमभाई म्हणायचे, काटेसाहेब आता खुंटीला टांगल्यासारखे दिसतात. मी त्यांनाही डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, तब्येत अगदी उत्तम आहे, पण तुम्ही जेवत का नाही? भाऊजींनी छताकडे बघितलं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत डॉक्टरांनी ताईला सांगितलं, आता सहा महिन्यांनी या. त्या आठवड्यात ताडपत्री निघाली. मला निरोप आला, "आम्ही वेळणेश्वरला निघतोय. तुम्ही एसटीने या." मी कटकट करत गेले, एका घरात खोली घेतली, परक्या उशीवर छान झोपले आणि उजाडताना किनाऱ्यावर उतरले. सुरूच्या झाडांखाली खुराडं उभं होतं, पडदा वर बांधलेला, आत बिछाना विस्कटलेला. म्हणजे ताई झोपली होती. भाऊजी मागच्या ओट्याशी चहा टाकत होते. पट्टा आवळूनही विजार राहीना म्हणून सुतळी बांधलेली. आणि ताई समोर, ओहोटीच्या पाण्यात उभी. पातळ घोट्याच्या वर धरलेलं, दोन्ही पाय आत. मी हाक मारली नाही.

"साखर त्या डब्यामागे बघा," भाऊजी म्हणाले. डब्यामागे वही होती. मी उघडली, कारण दुसऱ्याची वही बघितल्यावर न उघडणारी बाई मी नाही. एका पानावर दोन रांगा. एक ताईची, एक त्यांची. एकोणपन्नास, चौऱ्याऐंशी. एक्कावन्न, ब्याऐंशी. चोपन्न, एकोणऐंशी. सत्तावन्न, शहात्तर. साठ, त्र्याहत्तर. शेवटी त्रेसष्ट आणि सत्तर. तारखा वेगवेगळ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे बेरीज एकच, एकशे तेहेतीस. तिच्या अंगावर जेवढं चढलं तेवढं या माणसाने दर महिन्याला स्वतःच्या अंगावरून उतरवलं होतं, आणि कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी साखरेचा डबा शोधून त्यांच्या हातात दिला.

ते म्हणाले, "तुमचा कप बेरजेत धरलेला नाही. पण आणलाय."

ताई पाण्यातून परत आली तेव्हा तिचा पदर खाली ओढला गेला होता. तिने तो खुराड्याच्या कडेवर मोकळा केला. शिंपले, ओली वाळू, समुद्राने गुळगुळीत केलेले दोन दगड, असा ढीग पडला. लहान मुलीसारखी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "नेऊ या ना?" मी भाऊजींच्या हातांकडे बघत होते. दोन किलो तरी होते ते, मलासुद्धा कळत होतं, आणि सतराशेच्या वर एक किलो नाही. त्यांनी वही घेतली, पेन्सिल काढली, सत्तरच्या खाली "शिंपले" असा शब्द लिहिला. पुढे आकडा लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. मग वही मिटून डब्यामागे सारली आणि ताईला म्हणाले, "गादीवर नको, ओले आहेत. पातेल्यात ठेव."

त्यांचा चहा निवून गेला होता. मी तो परत गरम केला आणि घरून आणलेली आंबापोळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती तळहातावर घेतली, क्षणभर धरली, मग मोडून अर्धी ताईला दिली आणि उरलेली अर्धी मला देऊ केली. मी म्हटलं, "खा हो भाऊजी, एवढ्याने काही होत नाही." ते समुद्राकडे बघत म्हणाले, "आज नको. परतीचे उतार आहेत."